खात्यातला प्रतिनिधी आणि हुकूमशाही : तुरिनचा अनुभव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फॅसिझमविषयी आपल्या अभ्यासवर्गांतून बोलले जाते तेव्हा बहुधा दोनच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे असतात. एक, सज्जात उभा राहून गर्जना करणारा नेता आणि खाली चौकात त्याचा जयजयकार करणारा जनसमुदाय. दुसरे, तुरुंगाच्या कोठडीत वह्या भरीत बसलेला क्रांतिकारक. या दोन चित्रांच्या मधे जे शहर रोज पहाटे उठून कामावर जात होते, त्याचे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज मी त्या शहराविषयी बोलणार आहे.

शहराचे नाव तुरिन. उत्तर इटलीत, आल्प्सच्या पायथ्याशी, पो नदीच्या काठी ते वसलेले आहे. एकीकरणानंतर १८६१ ते १८६५ ही चार वर्षे ते इटलीची राजधानी होते. राजधानी फ्लॉरेन्सला हलली आणि दरबाराबरोबर शहराचा जुना व्यवसायही गेला. पुढे त्या जागी कारखाने आले. १८९९ साली तेथे फियाट कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या रस्त्यांवर ज्या टॅक्सीला आपण वर्षानुवर्षे ‘फियाट’ म्हणत आलो ती याच कंपनीच्या आराखड्यावर कुर्ल्यात तयार होत असे. पद्मिनी हे नाव तिला मागाहून मिळाले. फियाट या नावातील शेवटचे अक्षर म्हणजे तुरिनचेच आद्याक्षर, हे टॅक्सीत बसणाऱ्यांना सहसा ठाऊक नसे.

या शहराने फॅसिस्ट राजवटीखाली वीस वर्षे काढली. त्या काळात त्याने उघडपणे फारसे काही केले नाही. राजवटीने या मौनाचा अर्थ संमती असा लावला. युद्धानंतर आपल्या बाजूच्या लेखकांनी त्याच मौनाचा अर्थ अखंड धुमसणारा प्रतिकार असा लावला. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. म्हणून मोठ्या घटनांचा धागा न धरता मी एका अगदी लहान पदाचा धागा धरून हा इतिहास सांगणार आहे. ते पद म्हणजे कारखान्यातील कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी.

१९०६ साली तुरिनच्याच इताला या मोटार कारखान्यात धातुकामगारांच्या संघटनेने मालकांशी एक करार केला आणि त्यातून ‘अंतर्गत समिती’ ही संस्था मान्यता पावली. कामगारांनी आपल्यातून काही जण निवडायचे आणि दंड, पाळ्या, उक्त्या कामाचे दर, मुकादमाची अरेरावी अशा रोजच्या तक्रारी घेऊन त्यांनी व्यवस्थापनाकडे जायचे, एवढेच तिचे काम. मुंबईत १९२८ च्या संपाच्या काळात गिरणी कामगार युनियनने ज्या गिरणी समित्या उभारल्या, त्यांच्याशी तिचे नाते सहज ओळखू येईल. अशा समितीत क्रांतिकारक काय आहे, असे कोणीही विचारील. पहिल्या महायुद्धाने ते दाखवून दिले. ऑगस्ट १९१७ मध्ये पाव मिळेनासा झाला म्हणून तुरिनमध्ये दंगल उसळली, तिचे रूपांतर युद्धविरोधी उठावात झाले आणि लष्कराने सुमारे पन्नास माणसे मारली. युद्ध संपल्यावर १ मे १९१९ रोजी अंतोनिओ ग्रामची आणि त्यांचे सहकारी तोल्यात्ती, तास्का व तेर्राचिनी यांनी एक साप्ताहिक काढले. त्यात त्यांनी मांडले की या अंतर्गत समित्यांनाच खात्याखात्यापर्यंत विस्तारावे, संघटनेचा सभासद असो वा नसो प्रत्येक कामगाराला मत द्यावे, आणि उद्याच्या लोकसत्तेचा पाया तेथे घालावा. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत फियाटच्या कारखान्यांतून अशी मंडळे प्रत्यक्ष उभी राहिली.

एप्रिल १९२० मधील संप घड्याळाच्या काट्यांवरून झाला. सरकारने युद्धकाळाप्रमाणे घड्याळे तासभर पुढे करण्याचा हुकूम काढला होता. एका कारखान्यातील कामगारांनी काटे मागे फिरवले, मालकांनी समितीच्या सदस्यांना काढून टाकले, आणि पाहता पाहता सारा प्रांत संपावर गेला. वादाचा विषय घड्याळ, पण मालकांनी तडजोडीच्या वाटाघाटीत अटी घातल्या त्या मंडळांचे अधिकार छाटण्याच्या. कोणत्या गोष्टीचे भय वाटायला हवे हे मालकांना नेमके कळले होते. सप्टेंबरमध्ये कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, पंतप्रधान ज्योलित्तींनी सैन्य न पाठवता त्यांना थकू दिले, आणि एप्रिल १९२१ मध्ये फियाटने टाळेबंदी करून मंडळांतील पुढारी वेचून वेचून बाहेर काढले. हे सर्व मुसोलिनी सत्तेवर येण्याच्या आधी घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हुकूमशाहीने तुरिनच्या कामगारांना हरवले असे म्हणणे तितकेसे खरे नाही. हरलेले कामगार तिच्या हाती लागले आणि त्यांनी पुन्हा उठू नये याची व्यवस्था तिने केली.

ती व्यवस्था करताना प्रथम रक्त सांडले. मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ अखेर पंतप्रधान झाला. डिसेंबरच्या १८ ते २० या तीन दिवसांत पिएरो ब्रांदिमार्ते याच्या नेतृत्वाखालील फॅसिस्ट टोळ्यांनी तुरिनमधील कामगारांच्या घराघरांत शिरून माणसे मारली. कामगार संघटनांचे मध्यवर्ती भवन जाळले. धातुकामगार संघटनेचा चिटणीस पिएत्रो फेररो याला ट्रकला बांधून फरफटत नेऊन ठार करण्यात आले. सरकारी आकडा अकरा मृतांचा आहे. ब्रांदिमार्ते स्वतः याहून दुप्पट आकडा अभिमानाने सांगत असे. काही दिवसांतच ‘राष्ट्रीय हेतूने’ केलेल्या गुन्ह्यांना माफी देणारा वटहुकूम निघाला. मार्च १९२३ मध्ये फियाटचे संस्थापक ज्योव्हान्नी आन्येल्ली यांची सिनेटवर नियुक्ती झाली. आन्येल्ली हे कट्टर फॅसिस्ट होते असा आरोप मी करणार नाही, कारण त्यांना कोणत्याच विचाराचे वेड नव्हते. जे सरकार असेल ते आपले, इतके साधे त्यांचे तत्त्वज्ञान होते.

पण रक्त सांडून फक्त भीती निर्माण होते. रोजची शिस्त निर्माण होण्यासाठी कायदा आणि करार लागतात. २ ऑक्टोबर १९२५ रोजी रोममध्ये मालकांचा महासंघ आणि फॅसिस्ट कामगार संघटना यांच्यात करार झाला. दोघांनी एकमेकांना एकमेव प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली आणि कारखान्यांतील अंतर्गत समित्या रद्द केल्या. एप्रिल १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हा ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रामचींना अटक झाली.

येथे एका तपशिलाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो, कारण पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच सापडतो. समित्या गेल्यावर फॅसिस्ट संघटनांच्या पुढाऱ्यांनाच अडचण भासू लागली. वरच्या पातळीवर झालेला वेतनकरार कारखान्यात पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूसच आत उरला नव्हता. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मागणी केली की प्रत्येक कारखान्यात आमचा, म्हणजे फॅसिस्ट पक्षाच्या विश्वासातला, एक प्रतिनिधी असू द्यावा. मालकांच्या महासंघाने साफ नकार दिला आणि सरकारने मालकांचे ऐकले. असे प्रतिनिधी अधिकृतपणे मान्य झाले ते थेट १९३९ साली. म्हणजे मालकांचा आक्षेप प्रतिनिधीच्या रंगावर नव्हता. काळा सदरा घालून येणारा प्रतिनिधीसुद्धा त्यांना दाराच्या आत नको होता. ‘वर्गसमन्वय’ या शब्दाचा अर्थ ज्यांना कळत नसेल त्यांनी या सुमारे दहा वर्षांच्या नकाराचा विचार करावा.

त्याचे आर्थिक फळ लवकरच दिसले. लिरा बळकट करण्याचा निर्धार मुसोलिनीने १९२६ मध्ये जाहीर केला आणि डिसेंबर १९२७ मध्ये पौंडाला ९२.४६ लिरा असा दर कायम केला. राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी ठरवलेल्या या दरामुळे निर्यात महाग झाली, आणि फियाट तर आपल्या निम्म्याहून अधिक मोटारी परदेशी विकत होती. मालकांनी कुरकुर केली, पण भरपाई तयार होती. १९२७, १९३० आणि १९३४ अशा लागोपाठच्या फेऱ्यांत वेतने वरून आलेल्या आदेशाने कापण्यात आली. चलनाचा दर चढवण्याचा खर्च कोणी भरला, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्याच सुमारास कामाची मिनिटे मोजून दर बांधणारी बेदो पद्धत फियाटमध्ये आली. घड्याळाचे काटे आता कोणी मागे फिरवणार नव्हते.

राजवटीने उद्योगाला कार्यक्षम केले, ही समजूत आजही आपल्या मध्यमवर्गात आढळते, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने १९३० च्या आसपास इटलीत शिरण्याचा प्रयत्न केला. आन्येल्लींनी मुसोलिनीकडे शब्द टाकला आणि तो दरवाजा बंद झाला. स्पर्धा नाही, संप नाही, शिवाय इथिओपिया व स्पेनच्या युद्धांतील सरकारी मागणी हाताशी. या सुखाचा परिणाम काय झाला? जगातील हवाई दले एकपंखी लढाऊ विमानांकडे वळलेली असताना १९३९ साली फियाटने इटालियन हवाई दलाला सी. आर. ४२ हे द्विपंखी विमान पुरवायला घेतले. आणि सामान्यांसाठी म्हणून १९३६ मध्ये आणलेली ‘तोपोलिनो’ ही छोटी मोटार ८,९०० लिराची होती. ती बांधणाऱ्या कामगाराने ती विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर प्राध्यापक फक्त इतरांच्या मौनाची चिकित्सा करतो असे व्हायचे. १९३१ साली विद्यापीठांतील सर्व प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावण्यात आली. बाराशेच्या वर प्राध्यापकांपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. त्यांत तुरिनचे तिघे होते : कायद्याचे अभ्यासक फ्रांचेस्को रुफिनी, कलेतिहासकार लिओनेल्लो व्हेन्तुरी आणि न्यायवैद्यकाचे मारिओ कार्रारा. तुरिनचेच विख्यात अर्थशास्त्रज्ञ लुइजी एइनाउदी यांनी सही केली. ते पुढे प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा विद्यार्थी पिएरो स्राफा १९२७ मध्ये केंब्रिजला निघून गेला. आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी स्राफाचे १९६० चे छोटेखानी पण कठीण पुस्तक घाम गाळून वाचले; पण तुरुंगातल्या ग्रामचीला हवी ती पुस्तके मिळावीत म्हणून मिलानच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे याच स्राफाने आपल्या खर्चाने खाते उघडून दिले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. तुरिनच्या सुशिक्षितांपैकी जे बोलले त्यांनी किंमत दिली. पिएरो गोबेत्ती मारहाणीनंतर पॅरिसला गेला आणि १९२६ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला. व्हित्तोरिओ फोआला १९३५ मध्ये पकडून पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली. रशियन साहित्याचा जाणकार लिओने गिन्सबुर्ग १९४४ मध्ये रोमच्या तुरुंगात छळामुळे मेला. पण ही माणसे मोजकी होती आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत त्यांचा आवाज पोचत नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

मग फाटकाच्या आत काय होते? लुइझा पास्सेरिनी या इतिहासकार बाईंनी तुरिनच्या वृद्ध कामगार स्त्रीपुरुषांच्या आठवणी नोंदवून १९८४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे : माणसे पक्षाचे ओळखपत्र घेत होती, कारण त्याशिवाय नोकरी मिळत नसे. कंपनीच्या सहलींना जात होती, मुलांना कंपनीच्या उन्हाळी शिबिरांत पाठवीत होती. आणि त्याच वेळी दुसेवर विनोद करीत होती, भिंतीवर चार शब्द खरडीत होती, दारूच्या गुत्त्यात एखादे जुने गाणे म्हणून पोलिसांच्या नोंदीत येत होती. याला शौर्य म्हणता येणार नाही आणि शरणागतीही म्हणता येणार नाही. ज्याला बोलण्याची जागाच ठेवलेली नाही असा माणूस असाच वागतो.

१५ मे १९३९ रोजी मुसोलिनी मिराफिओरी या फियाटच्या नव्या, अवाढव्य कारखान्याच्या उद्घाटनाला आला. दोन पाळ्यांत बावीस हजार कामगारांसाठी बांधलेला हा कारखाना. मैदानात सुमारे पन्नास हजार कामगार उभे केलेले. त्याने व्यासपीठावरून विचारले, मिलानला केलेले माझे भाषण तुम्हांला आठवते ना? त्या भाषणात त्याने कामगारांना अधिक सामाजिक न्यायाचे आश्वासन दिले होते. पुढच्या काही रांगांतून क्षीण आवाज उठला, बाकीचे मैदान गप्प. आठवत नसेल तर ते वाचून काढा, असे चिडून सांगून तो भाषण आवरते घेऊन निघून गेला. भाषण कामगारांना आठवत नव्हते असे मला वाटत नाही. ते १९३४ चे होते, आणि त्याच वर्षी वेतनेही कापली गेली होती.

१० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली आणि दुसऱ्याच रात्री ब्रिटिश विमानांनी तुरिनवर बॉम्ब टाकले. तळघरांत बसायची सोय अपुरी, विमानविरोधी तोफा निरुपयोगी, आणि ‘अजिंक्य’ राष्ट्राच्या सगळ्यात मोठ्या लष्करी कारखान्यांचे हे शहर उघडे पडलेले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४२ मध्ये हल्ल्यांचे स्वरूप पालटले. आता कारखान्यांबरोबर वस्त्याही पेटू लागल्या. १३ जुलै १९४३ च्या एकाच रात्री ७९२ माणसे मेली. पावाचे रेशन ऑक्टोबर १९४१ मध्ये माणशी दिवसाला २०० ग्रॅम होते, मार्च १९४२ पासून १५० ग्रॅम झाले. म्हणजे साधारण आपल्याकडची एक जाड भाकरी. काळ्या बाजारात सर्व काही मिळे, पण कामगाराच्या पगारात नव्हे. बायका पहाटे रांगेत उभ्या राहत आणि तेथून थेट कारखान्यात जात, कारण पुरुष रणांगणावर गेल्याने कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या होत्या. ज्यांना शक्य झाले त्यांनी कुटुंबे खेड्यांत हलवली. मग रोज रात्री गच्च भरलेल्या गाड्यांनी किंवा सायकलवरून वीस-तीस किलोमीटर जायचे आणि पहाटे परत यायचे.

याच प्रश्नावर ठिणगी पडली. सरकारने जाहीर केले की बॉम्बहल्ल्यांमुळे ज्यांना कुटुंब हलवावे लागले अशा कुटुंबप्रमुखांना १९२ तासांचे वेतन भरपाई म्हणून मिळेल. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास धरले तर हा चार आठवड्यांचा पगार होतो. पण तो मिळवायला स्थलांतराचा पुरावा हवा, नोंदणी हवी, आणि ज्याला कुटुंब हलवणे परवडलेच नाही त्याला काहीच नाही! बॉम्ब मात्र सर्वांवर सारखे पडत होते. मागणी साधी होती : १९२ तास सर्वांना. एरवी हा प्रश्न अंतर्गत समितीने एका दुपारच्या बैठकीत मांडला असता आणि महिनाभर घासाघीस होऊन अर्धामुर्धा सुटला असता. पण १९२५ मध्ये ती समितीच मोडून टाकलेली होती.

शुक्रवार, ५ मार्च १९४३. त्या काळी कारखान्यांतून सकाळी दहा वाजता हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा चाचणी म्हणून वाजवीत. गुप्तपणे काम करणाऱ्या मूठभर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी ठरवले होते की मिराफिओरीत हा भोंगा हाच संपाचा इशारा. व्यवस्थापनाला सुगावा लागला आणि त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही. तरीही एकोणिसाव्या खात्यात लिओ लानफ्रांको आणि त्याच्या साथीदारांनी यंत्रे थांबवली. त्या दिवशी संप मिराफिओरीपेक्षा काही लहान कारखान्यांत अधिक यशस्वी झाला असे आता संशोधक म्हणतात, आणि मला ते पटते. ‘भोंगा वाजला नाही आणि एकजात सारे उभे राहिले’ ही कथा नंतर सजवली गेली. प्रत्यक्षात हा संप खात्याखात्याने, तासातासाने, अडखळत पसरला. कामगार कारखान्याबाहेर पडत नसत. यंत्राजवळ हात बांधून उभे राहत, कधी पंधरा मिनिटे, कधी तासभर. मुकादम आला की म्हणत, एकशे ब्याण्णव तास. पुढच्या सोमवारपासून एकेक मोठा कारखाना त्यात आला. स्त्रियांनी अनेक ठिकाणी पुरुषांच्या आधी यंत्रे बंद केली. सुमारे एक लाख कामगारांनी भाग घेतला असे तेव्हाच्या गुप्त पत्रकांनी छापले, आणि महिनाअखेर संप मिलानला पोचला.

हा संप आर्थिक की राजकीय, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. कम्युनिस्ट इतिहासकारांनी त्याला फॅसिझमविरोधी उठाव म्हटले. काहींनी उलट तो भुकेचा संप ठरवला. मला हा वादच चुकीच्या जागी उभा आहे असे वाटते. लोकशाहीत पगाराचा वाद मालक आणि कामगार यांच्यात राहू शकतो, कारण मधे कोणीतरी बोलणारा असतो. येथे मधल्या माणसाला राजवटीनेच नाहीसे केले होते. त्यामुळे १९२ तास मागणारा कामगार त्याच्या मनात असो वा नसो, थेट राज्याशीच भांडत होता. आणि त्याहून मौजेची गोष्ट अशी की संप मिटवायचा तरी कोणाशी बोलून, हे सरकारला आणि फियाटला कळेना! फॅसिस्ट संघटनेचे अधिकारी खात्यात येऊन ओरडले, कोणी ऐकले नाही. शेकडो जणांना अटक झाली, तरी यंत्रे थांबतच राहिली. अखेर एप्रिलच्या आरंभी सरकारने वाढीव भत्ते जाहीर केले. मुसोलिनीने पोलीसप्रमुखाला काढले, पक्षाचा चिटणीसही बदलला. वीस वर्षे संप अशक्य आहे असे सांगणाऱ्या राजवटीने संपापुढे पैसे मोजले, हे सर्वांनी पाहिले. २५ जुलैला मुसोलिनी पडला. तो केवळ या संपाने पडला असे कोणी म्हणू नये. दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या होत्या आणि राजाला आपले सिंहासन वाचवायचे होते. पण देशातली सगळ्यात शिस्तबद्ध मानलेली उत्पादनयंत्रणा आता हुकूम मानत नाही, हे राजा आणि उद्योगपती दोघांनीही मार्चमध्येच ताडले होते.

नंतर आलेल्या बादोल्यो सरकारला सर्वप्रथम काय द्यावे लागले? २ सप्टेंबर १९४३ रोजी जुने समाजवादी कामगार नेते ब्रूनो बुओत्सी यांनी मालकांच्या महासंघाशी करार केला आणि अंतर्गत समित्या पुन्हा मान्य झाल्या. अठरा वर्षांनी प्रतिनिधी फाटकातून आत आला. आठच दिवसांनी जर्मन सैन्याने तुरिन ताब्यात घेतले. बुओत्सींना पुढे अटक झाली आणि ४ जून १९४४ रोजी, रोम मुक्त होत असताना, माघार घेणाऱ्या जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या.

पुढचे वीस महिने सर्वांत काळे. मार्च १९४४ मध्ये व्याप्त उत्तर इटलीत सार्वत्रिक संप झाला. जर्मन बंदुकांच्या छायेत असा संप युरोपात क्वचितच कोठे झाला असेल. त्याची शिक्षा म्हणून शेकडो कामगार माउटहाउझेनच्या छळछावणीत पाठवले गेले आणि त्यांतले बहुसंख्य परतले नाहीत. ५ एप्रिलला तुरिनच्या मार्तिनेत्तो मैदानात प्रतिकाराच्या लष्करी समितीचे आठ जण गोळीबार पथकापुढे उभे केले गेले. त्यांत सेनापती पेरोत्ती होते, विद्यापीठातील प्राध्यापक ब्राच्चिनी होते, छापखान्यातला कामगार जांबोने होता, समाजवादी कामगार बेव्हिलाक्वा होता. जूनमध्ये जर्मनांनी मिराफिओरीच्या सतराव्या खात्यातील यंत्रे हलवायचे ठरवले तेव्हा कामगारांनी संप करून यंत्रे अडवली. ज्या यंत्रांपुढे मिनिटे मोजून त्यांना पिळले गेले होते तीच यंत्रे ते आता जिवावर उदार होऊन राखीत होते.

त्याच उन्हाळ्यात आपली माणसेही त्या देशात मरत होती, हे महाराष्ट्रात विसरले जाते. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचा यशवंत घाडगे पडला. तो माणगाव तालुक्यातला. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पारतंत्र्यातल्या देशाचे हे शेतकरी दुसऱ्या देशाची हुकूमशाही मोडायला कामी आले.

माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्या काळातली एक वेगळीच घटना महत्त्वाची. जर्मनांच्या आश्रयाने उत्तरेत पुन्हा उभ्या केलेल्या मुसोलिनीने फेब्रुवारी १९४४ मध्ये उद्योगांच्या ‘सामाजीकरणा’चा वटहुकूम काढला. कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडावेत, त्यांना कारखान्याच्या कारभारात स्थान मिळेल! १९२५ मध्ये हिसकावलेले तो आता व्याजासकट देऊ करीत होता. फियाटमध्ये निवडणुका घेण्यात आल्या तेव्हा बहुसंख्य कामगारांनी मतच दिले नाही. प्रतिनिधी हवा म्हणून तुरुंगात आणि छावणीत गेलेल्यांनी दानात मिळालेला प्रतिनिधी नाकारला.

एप्रिल १९४५ च्या अखेरीस कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, जर्मन रणगाड्यांपासून राखले, डोंगरांतून आलेल्या पार्टिझान तुकड्यांसह शहर मुक्त केले. दोस्तांचे सैन्य पोचले तेव्हा ट्राम चालू होत्या. लानफ्रांको ते पाहायला राहिला नव्हता. फेब्रुवारीत तो मारला गेला होता.

आता उरलेली हकीकत, जी उत्सवाच्या भाषणांत कोणी सांगत नाही. फियाटचा कारभार पाहणारे व्हित्तोरिओ व्हालेत्ता यांना मुक्तीनंतर दूर करण्यात आले, पण १९४६ मध्ये ते परत आले आणि आणखी वीस वर्षे राहिले. डिसेंबर १९२२ च्या हत्याकांडाबद्दल ब्रांदिमार्तेवर खटला चालला, शिक्षा झाली, आणि १९५२ मध्ये पुराव्याअभावी तो सुटला. १९७१ साली मेला तेव्हा त्याला लष्करी मानवंदना देण्यात आली. आणि अंतर्गत समिती? ती कायद्याने शाबूत होती. पण १९५० च्या दशकात डाव्या संघटनेचे कार्यकर्ते, त्यांत माजी पार्टिझान पुष्कळ, एका बाजूच्या खात्यात नेऊन बसवले जात. सारे तुरिन त्याला ‘लाल ताऱ्याचे खाते’ म्हणे. जेथे कम्युनिस्टांची संघटना बहुमतात असेल त्या कारखान्यांना लष्करी मागणी देणार नाही, असे अमेरिकन राजदूत क्लेअर बूथ लूस यांनी बजावले. मार्च १९५५ च्या निवडणुकीत धातुकामगारांच्या जुन्या संघटनेने फियाटच्या अंतर्गत समितीतील बहुमत गमावले. या वेळी ना कोणाला ट्रकला बांधले गेले, ना समिती रद्द झाली. ज्यांनी मत बदलले त्यांतले अनेक मार्च १९४३ मध्ये यंत्राजवळ हात बांधून उभे राहिलेलेच होते. त्यांनी ते भीतीने बदलले, नोकरीसाठी बदलले, की संघटनेच्याच चुकांमुळे बदलले, यावर आपल्यात मतभेद होतील. वेळ झाली आहे. तो वाद आपण प्रश्नोत्तरांत घालू.